गुडघ्याची कडी

माझ्या सुनेचं, योरुनचं, एक मला पहिल्यापासून पटलेलं नाही. ती उलट बोलत नाही. उलट बोलणारी सून परवडते. तिला दोन शब्द सुनावता येतात, तीही दोन सुनावते, आणि दुपारच्या कॉफीपर्यंत घर पुन्हा सरळ होतं. मी माझ्या सासूपाशी वीस वर्षं अशीच नांदले. ही मात्र सगळं ऐकून घेते, मान डोलावते, "बरं सासूबाई" म्हणते, आणि जाऊन आपल्याला हवं तेच करते.

त्या वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेवरचं बर्फ नखानं खरवडून बाहेर बघते, तर ही ब्रूनाला दोरीनं धरून आडापासून फाटकापर्यंत चालवतेय. ब्रूना आमची घोडी. पाच वर्षांची, तपकिरी, छाती अशी रुंद की गळ्यातलं जू नवं करून घ्यावं लागलं. थंडी इतकी की तिच्या नाकपुड्यांवरचे केस पांढरे झाले होते.

मूएन वाडीतल्या आमच्या घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी घोडीला घरची बिअर आणि जवाची भाकरी मिळते, तीही घरच्या मालकिणीच्या हातून. मग तबेल्याच्या दारावर डांबराची फुली काढायची. त्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत घोडीचा खूर बर्फाला लागू द्यायचा नाही, पाणीसुद्धा आत न्यायचं. त्या दिवसांत आभाळातून स्वार जातात, आणि उघड्यावर दिसलेल्या घोड्यावर बसून त्याला मरेस्तोवर पळवतात, असं आमच्या खोऱ्यात सगळे मानतात. मी त्या स्वारांना कधी पाहिलेलं नाही. पण वर्षभर ओंडके ओढणाऱ्या जनावराला तेरा दिवस कोणी हात लावू नये, यासाठी स्वार असले काय आणि नसले काय.

मी शाल गुंडाळून बाहेर गेले.

"आत ने तिला."

"सासूबाई, नुसतं आडापर्यंत. रोज थोडं चालायला हवं तिला. खोकल्यात महिनाभर बसून होती, मांड्या उतरल्यात बघा."

"कामाला लागली की भरतील."

"आणि मागचे पाय सरळ आहेत तिचे. स्टुलाच्या पायासारखे. असल्या पायाच्या घोडीला उभं ठेवू नये."

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

तिचं एवढं बोलणं मला पुरलं. मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या दारी घोडी यायची ती मेलेलीच यायची. जिवंत घोडीतलं तुला काय कळणार, गं?"

 तिच्या पापण्यांवर दव गोठलं होतं, म्हणून डोळ्यांतलं काही दिसलं नाही. "बरं सासूबाई," म्हणाली आणि घोडी आत घेऊन गेली. या वेळी मात्र मी तबेल्याच्या दाराला आडणा घातला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. पाणी मी स्वतः नेत होते. अकरा दिवस.

योरुनचा बाप मात्तिस नदीपलीकडे राहतो. मेलेले घोडे सोलणं हा त्याचा धंदा, त्याच्या बापाचाही तोच. आमच्याकडे ज्यानं घोड्याला चाकू लावला त्याच्या हातात कोणी हात देत नाही. तोंडानं बरे बोलतात, टोपीला हात लावतात, हातमोजा मात्र काढत नाहीत. माझ्या मुलानं, एम्ब्रेटनं, त्याची मुलगी आणली तेव्हा मी लग्नाला गेले, काळा पोशाख घालून पहिल्या बाकावर बसले, केक कापला. कोणाला नाव ठेवायला जागा ठेवली नाही. फक्त मात्तिससाठी एक कप वेगळा काढला. कान तुटलेला, निळ्या काठाचा. तो तबेल्याच्या खिडकीत असतो. मात्तिस वर्षातून दोन-तीनदा मुलीला भेटायला येतो, तेव्हा तो आपणहून तिथला कप घेतो, पायरीवर बसतो आणि त्यात मी कॉफी ओतते. त्यानं कधी काही म्हटलं नाही. मीही नाही.

तेरावा दिवस झाला. दुसऱ्या दिवशी, उजेड फुटताच, एम्ब्रेट घसरगाडीला ग्रीस लावून तयार. जंगलातल्या मुकादमानं त्याला उत्तरेकडचा उतार दिला होता. तिथले ओंडके वसंतात बर्फ वितळायच्या आधी नदीकाठी पोचवायचे, की पुढचं काम नदीचं. आठवड्याच्या आत घोडी घेऊन आला नाहीस तर उतार दुसऱ्याला, असं मुकादमानं चर्चबाहेर चारचौघांत सांगितलं होतं.

मी कुलूप काढलं. एम्ब्रेटनं ब्रूनाला बाहेर आणलं. उंबऱ्याबाहेर ती दोन पावलं नीट आली. तिसऱ्याला पुढे गेली आणि तिचा उजवा मागचा पाय मागेच राहिला.

पाय वाकतच नव्हता. वरपासून खालपर्यंत फावड्याच्या दांड्यासारखा ताठ, मागे पसरलेला, आणि खुराचं टोक बर्फात रेघ ओढत होतं. ब्रूनानं तो पुढे घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा तिचं सगळं मागचं अंग वर उचललं गेलं, पाय तसाच. मग ती थरथरायला लागली. एवढ्या थंडीत तिच्या मानेवर घाम फुटला आणि अंगातून वाफ निघायला लागली.

"आई," एम्ब्रेट म्हणाला. चाळीस वर्षांचा बाप्या, पण आवाज पोराचा. "आई, बघ ना."

मी बघितलं. माझ्या बापाकडे सहा घोडे होते, मला लोक विचारायला येतात. मी तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, दाबलं, मान हलवली. "खुबा निखळलाय," मी म्हटलं. "उभी राहताना घसरली असणार. हा बसत नाही."

एम्ब्रेटनं टोपी काढली आणि पुन्हा घातली. दोन वर्षांमागे ब्रूनाची आई नदीवरच्या बर्फात पाय मोडून पडली होती, आणि त्याच्याजवळ बंदूक नव्हती. तो घरी येऊन परत जाईपर्यंत ती दीड तास तिथे ओरडत पडली. तेव्हापासून तो अशा गोष्टीत थांबत नाही.

"सीवरला आणतो," म्हणाला आणि स्कीवर चढून गेला.

सीवर आमचा शेजारी. खोऱ्यात कोणाचं जनावर संपवायचं असलं की त्यालाच बोलावतात, कारण त्याला दुसरी गोळी लागत नाही. अर्ध्या तासात तो आला. बंदुकीच्या नळीला पोतं गुंडाळलेलं, काखेत धरलेली. त्यानं ब्रूनाभोवती एक फेरी मारली, थुंकला, म्हणाला, "ओलीनबाई म्हणतायत खुबा, तर खुबाच. आडापासून लांब न्या तिला. रक्त पाण्यात नको."

"लांब न्यायला ती चालतेय कुठे?" एम्ब्रेट म्हणाला.

"मग इथेच. तू डोकं धर."

योरुन तोवर गोठ्यात दूध काढत होती. बादली घेऊन बाहेर आली, सीवरला पाहिलं, बंदूक पाहिली. बादली तिनं खाली ठेवली नाही, टाकलीच. दूध बर्फावर पसरलं.

"काय चाललंय?"

"खुबा गेलाय तिचा," एम्ब्रेट म्हणाला. "आत जा तू."

ती आत गेली नाही. ब्रूनाच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली, लाथेच्या टप्प्यात, आणि खुराच्या वरचा सांधा दोन्ही हातांत धरून वाकवला. तो वाकला. सोडला. परत वाकवला.

"बघा," म्हणाली. "हा वाकतो."

"मग?" सीवर म्हणाला.

"वरचे दोन वाकत नाहीत, हा वाकतो. मोडला असता तर पाय लोंबला असता. खुबा निखळला असता तर हा पाय त्या पायापेक्षा आखूड दिसला असता. मोजा हवं तर. आखूड नाहीये, उलट लांबच वाटतोय. कडी लागलीये तिची."

"कसली कडी?"

"गुडघ्याची."

सीवर हसला. मागच्या पायाच्या मधल्या टोकदार सांध्याकडे त्यानं बोट केलं. "गुडघा हा. याला काय कडी असणार?"

"ती टाच आहे, सीवरकाका. तुमची टाच जशी मागे निघते तशी. सगळे तिला गुडघा म्हणतात. खरा गुडघा इथे आहे." तिनं पोटाची कातडी जिथे मांडीला मिळते तिथे, घडीत हात घातला. "इथे आत. वाटीसकट. आपल्यासारखाच."

मला राहवलं नाही. अंगणात तीन माणसं आणि मी त्या घरची मोठी. मी म्हटलं, "सोलणाऱ्याची पोर आता आम्हाला घोडं शिकवणार."

एम्ब्रेट माझ्याकडे बघून म्हणाला, "आई." एवढंच. सीवर बंदुकीवरचं पोतं सोडत होता, तो सोडायचा थांबला. खरं सांगायचं तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी नको म्हटलं असतं तर ती घोडी त्याच जागी पडली असती, आणि योरुननं "बरं सासूबाई" म्हटलं असतं.

पण ती उठून माझ्यासमोर आली. माझा उजवा हातमोजा धरला आणि ओढून काढला, एखाद्या लेकराचा काढावा तसा. चार वर्षं ती माझ्या घरात होती. भांडी घासली, लोकर पिंजली, माझ्या ताटात वाढलं. तिचा उघडा हात माझ्या उघड्या हाताला कधी लागला नव्हता. मी लागू दिला नव्हता. तिचा हात दुधानं ओला आणि गरम होता. माझा हात तिनं ब्रूनाच्या पोटाखालच्या त्या घडीत नेला आणि दाबला.

"ही वाटी," म्हणाली. "लागतेय?"

लागत होती. सफरचंदाएवढी गोल, कठीण, जागची हलत नव्हती.

"आता आतल्या बाजूला. ही दोरी."

वाटीपासून खाली जाणारी एक शीर बोटांना लागली. शीर कसली, ओले कपडे वाळत घातलेली दोरी असते तशी ताणलेली.

"मांडीच्या हाडाला खाली, आतल्या अंगाला, एक नाक असतं. जाड असतं. ही दोरी त्या नाकावर चढते आणि अडकते. गुडघा बंद. आणि गुडघा बंद झाला की टाचही बंद, ते दोन सांधे एकमेकांना बांधलेले असतात, एक वाकल्याशिवाय दुसरा वाकत नाही. घोडी उभ्याउभ्या झोपते ना, ती याच कडीवर. एका पायाची लावते, दुसरा पाय सैल सोडते, मग बदलते. रोज लावते, रोज काढते."

"मग आता का काढत नाही?" एम्ब्रेटनं विचारलं.

"काढायला मांडीनं वाटी उचलावी लागते. मांडीत बळ नाही राहिलं."

ते का राहिलं नाही, हे ती बोलली नाही. अकरा दिवस हा शब्द तिच्या तोंडावर होता, मला दिसत होता. तिनं गिळला.

"तुला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"सहा वर्षांची होते. बाबांनी एक पाय टेबलावर ठेवून मला दाखवला. कातडं काढलेला. मी दिवसभर त्याच्याशी खेळले. कडी लावायची, काढायची. लावायची, काढायची. आमच्याकडे दुसरं खेळणं नव्हतं."

सीवर दुसरीकडे बघायला लागला. ब्रूनाच्या तोंडातून एक आवाज आला, कण्हल्यासारखा, आणि तिचा पुढचा पाय घसरला.

मी म्हटलं, "एम्ब्रेट, दोर आण. लांबवाला."

योरुननं दोर खुराच्या वर, त्या वाकणाऱ्या सांध्याखाली बांधला आणि पोटाखालून पुढे नेऊन एम्ब्रेटच्या हातात दिला. "पुढे ओढायचं. झटका नाही द्यायचा, ओढत राहायचं. सीवरकाका, तुम्ही बंदूक ठेवा आणि छातीला खांदा लावा. तिला मागे रेटा. ती एक पाऊल मागे आली पाहिजे."

"बारा मण घोडी आहे पोरी, मी काय..."

"रेटा म्हटलं ना!"

एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला प्रथम ऐकलं. सीवरनं बंदूक बर्फात उभी केली आणि खांदा लावला. माझा हात अजून घडीतच होता. योरुननं तिचा तळहात माझ्या हातावर ठेवला आणि दोघींच्या हातांनी वाटी वर आणि आत दाबली. माझी बोटं मधे दबून बधीर झाली. ब्रूना मागे येईना. सीवर शिव्या देत होता, एम्ब्रेटच्या हातातला दोर करकरत होता. योरुनचा गाल घोडीच्या पोटाला टेकलेला, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. प्रार्थना असेल म्हणून मी ऐकलं, तर ती म्हणत होती, "उचल गं. थोडं. थोडंच उचल."

घोडी मागे हलली. चार बोटं असेल.

माझ्या हाताखाली काहीतरी घसरलं आणि आवाज आला. तपकिरीच्या डबीचं झाकण बसावं तेवढाच आवाज. ती ताणलेली दोरी एकदम मऊ पडली, वाटी खाली उतरली, आणि पाय वाकला. ब्रूनानं तो उचलला, पोटापर्यंत घेतला, जणू स्वतःच बघत होती आपला आहे का, आणि खाली टेकवला. मग सगळं अंग झटकलं. सीवर बर्फात बसला होता तो तसाच बसून राहिला.

"देवा रे," म्हणाला. "मी हिला गोळी घातली असती."

 मी माझा हातमोजा शोधत होते. तो दुधात पडला होता आणि दुधासकट गोठला होता.

एम्ब्रेट घोडीला तबेल्याकडे वळवायला लागला, तर योरुननं त्याच्या हातातून दोर घेतला. "आत नको. उभी राहिली की परत लागेल." आणि तसंच झालं. फाटकाशी ती क्षणभर थांबली तर पाय पुन्हा ताठला. या वेळी योरुननं एकटीनं तिला दोन पावलं मागे घेतलं आणि आवाज झाला. मग ती तिला चढावर घेऊन गेली. दुपारपर्यंत मी खिडकीतून बघत होते. वर जायची, वळायची, खाली यायची, वर जायची. तिच्या स्कर्टचा काठ बर्फानं कडक होऊन पायांवर आपटत होता, त्याचा खडखडाट घरात ऐकू येत होता. एम्ब्रेट दोनदा दोर घ्यायला गेला. दोनदा तिनं त्याला परत पाठवलं.

मी कॉफी करून बाहेर पाठवली. गरम राहावी म्हणून कपावर बशी ठेवून. यापेक्षा जास्त काही मी त्या दिवशी केलं नाही.

घोडी कामाला जाईल की नाही, हे कोण सांगणार? सीवरला विचारायची सोय उरली नव्हती, मला तर नाहीच. एम्ब्रेटनं मात्तिसला निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्तिस नदीवरून चालत आला. बुटका, वाकलेला, दाढीत बर्फ. त्यानं ब्रूनाला चालवून पाहिलं, वळवून पाहिलं, मग डोळे मिटून त्या घडीत हात घालून बराच वेळ उभा राहिला. आम्ही तिघं बाजूला. घोडी त्याच्याकडे मान वळवून त्याची टोपी हुंगत होती.

"सूज उतरलीय," म्हणाला. "कामाला न्या. चढावर न्या, अर्धं ओझं घाला, रोज न्या. काम म्हणजेच औषध आहे हिला. मांडी भरली की कडी आपोआप सुटेल." मग हात पुसत म्हणाला, "किती दिवस उभी होती?"

एम्ब्रेटनं जमिनीकडे पाहिलं.

योरुन म्हणाली, "आमचं लक्ष राहिलं नाही, बाबा."

आमचं. हा शब्द मला सीवरच्या गोळीपेक्षा जोरात लागला. तिनं मला दोष दिला असता तर मी उत्तर दिलं असतं, माझ्याकडे उत्तरं तयार होती. सण, चाल, माझी सासू, माझ्या सासूची सासू. पण माझ्या चुकीवर पांघरूण घालायला हिला कोणी सांगितलं होतं? आणि पांघरूण घालून घ्यायला मी काय म्हातारी झालेय?

"अकरा दिवस," मी म्हटलं. "कुलपात. किल्ली माझ्याकडे होती."

मात्तिसनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, रागानं नाही. "परत असं झालं तर मला चाकू घेऊन यावं लागेल, ओलीनबाई," एवढंच म्हणाला.

मग तो सवयीनं तबेल्याच्या खिडकीकडे गेला, तो निळ्या काठाचा कप घेतला, त्यातलं बर्फ अंगठ्यानं काढलं आणि पायरीवर बसायला आला. मी दारात किटली घेऊन उभी होते. त्यानं कप पुढे केला. मी तो त्याच्या हातातून घेतला, माझ्या हातात मोजा नव्हता, आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या पिंपात टाकला. दाणे काढायला तिथे काही नव्हतंच.

"दार उघडं आहे," मी म्हटलं. "गारवा आत येतोय. आत येऊन बसायचं तर बसा, नाहीतर दार लावा."

तो बराच वेळ उंबऱ्यावर बूट झटकत राहिला. एवढं बर्फ त्याच्या बुटांना नव्हतं. मग टोपी हातात घेऊन आत आला आणि टेबलाच्या टोकाला, अगदी कडेवर बसला. मी त्याच्यापुढे आमच्यातला कप ठेवला आणि भरला.

योरुन चुलीपाशी उभी होती. लाकडाचा ढलपा हातात, चुलीत घालायचा विसरून. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि मला ते बघायचं नव्हतं. मी कमरेच्या जुडग्यातून तबेल्याची किल्ली काढली, तिच्या बापासमोर आणि तिच्या नवऱ्यासमोर टेबलावर ठेवली, आणि म्हटलं:

"तू हट्टी आहेस, योरुन. तोंडावर हो म्हणतेस आणि पाठीमागे आपलंच खरं करतेस. चार वर्षांत एकदाच माझं ऐकलंस, तर घोडी मरायला आली. पुढच्या नाताळात मी काही म्हटलं, तर ऐकू नकोस."